ताऱ्यांचा मृत्यू आणि एका संशोधकाची वाटचाल



उन्हाळ्यात रात्री वीज गेली की आपल्या देगलूरच्या वस्त्यांतील माणसे अंगणात येतात. आकाशात तारे दिसतात आणि मुलांचे प्रश्न सुरू होतात. तारा तुटला म्हणजे काय? शनी, मंगळ खरेच माणसाला छळतात काय? मोठी माणसे बहुधा ऐकीव उत्तरे देतात. तथागतांनी कालामांना उपदेश केला तो नेमका याविरुद्ध होता. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काहीही मानू नका. स्वतः तपासून पाहा. आकाशाच्या बाबतीत हे तपासणे कसे चालते, ते एका संशोधकाच्या उदाहरणाने येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हे संशोधक म्हणजे डॉ. श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म 4 ऑक्टोबर 1956 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. म्हणजे आपली धम्मक्रांती आणि हे शास्त्रज्ञ एकाच वयाचे! त्यांचे बालपण हुबळीत गेले. वडील शल्यचिकित्सक होते. 1978 साली दिल्लीच्या आय.आय.टी.तून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेत बर्कले येथे संशोधनासाठी गेले.

त्यांनी अभ्यासलेला पहिला मोठा विषय न्यूट्रॉन तारा हा होय. तारादेखील अनित्य आहे. सूर्याच्या कितीतरी पट वजनदार ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उडून जातात. मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याहून अधिक, पण व्यास अवघा 20 ते 25 किलोमीटर. देगलूरहून सायकलवर निघालेला माणूस दोन तासांत जेवढे अंतर कापील तेवढाच! त्याचा चमचाभर पदार्थ येथे आणला तर त्याचे वजन अब्जावधी टन भरेल. असा तारा भिंगरीसारखा फिरतो आणि दीपस्तंभाच्या झोताप्रमाणे त्याच्या रेडिओ लहरी ठराविक अंतराने पृथ्वीवर येतात. अशा ताऱ्यास पल्सार म्हणतात.

पहिला पल्सार 1967 साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या लक्षात आला. पुढे 1974 चे नोबेल पारितोषिक मात्र तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही. तिचे पुढे काय झाले ते शेवटी पाहू.

1982 पर्यंत माहीत असलेला सर्वांत वेगवान पल्सार सेकंदाला सुमारे 30 फेऱ्या घेत असे. आपल्या घरचा छताचा पंखा सेकंदाला पाच-सहा फेऱ्या घेतो, हे लक्षात घ्या. त्या वर्षी डोनाल्ड बॅकर, तेव्हा विद्यार्थी असलेले श्रीनिवास आणि त्यांचे सहकारी यांनी प्वेर्तो रिकोतील अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीतून एका विचित्र स्रोताचा छडा लावला. तो तारा सेकंदाला 642 फेऱ्या घेत होता! इतका वेग कोणी गृहीतच धरला नव्हता, त्यामुळे पूर्वीच्या शोधांत तो निसटला होता. ‘असे असूच शकत नाही’ ही समजूत बाजूला ठेवली, तेव्हाच तो सापडला.

दुसरा विषय गॅमा किरणांच्या स्फोटांचा. याची हकीकत मनोरंजक आहे. चोरून अणुचाचण्या होतात काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. 1967 साली त्यांना गॅमा किरणांची लाट आढळली, पण ती पृथ्वीवरून नव्हे, अवकाशातून आलेली होती. 1973 मध्ये ही गोष्ट जगासमोर आली. हे स्फोट क्षणभर किंवा काही मिनिटे टिकतात व विझतात. ते आपल्या आकाशगंगेतले की फार दूरचे, यावर वीस वर्षांहून अधिक काळ विद्वानांत वाद चालला. दोन्ही बाजूंना मोठी नावे होती, पण नावांनी निकाल लागला नाही.

निकाल लागला तो मोजमापाने. 8 मे 1997 रोजी बेप्पोसॅक्स या उपग्रहाने एक स्फोट टिपला. तीनच दिवसांनी कॅलटेक संस्थेच्या चमूने हवाई बेटावरील केक दुर्बीण त्याच्या मंद होत जाणाऱ्या प्रकाशाकडे वळवली. या चमूत डॉ. कुलकर्णी होते. प्रकाश वाटेत एखाद्या दीर्घिकेतील वायूतून आला, तर लोह, मॅग्नेशियम अशा मूलद्रव्यांच्या काळ्या रेषा त्यात उमटतात. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या प्रकाशातील या रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या दिसतात; जितके अंतर अधिक, तितके सरकणे अधिक. त्या रेषांनी साक्ष दिली की हा स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा आहे. म्हणजे सूर्य आयुष्यभरात देईल तेवढी ऊर्जा असे स्फोट काही सेकंदांत ओततात. प्रचंड तारे कोसळताना लांब स्फोट होतात, तर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की अल्पकालीन स्फोट होतात.

ही टक्कर 17 ऑगस्ट 2017 रोजी प्रत्यक्ष सापडली. 13 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वीय लहरी लायगो यंत्रणेने नोंदवल्या आणि पावणेदोन सेकंदांच्या आतच गॅमा किरण पोहोचले. सोन्यासारखे जड धातू अशा टकरीत घडतात, हेही त्यातून दिसले. अशीच लायगो वेधशाळा आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 साली तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील.

डॉ. कुलकर्णी यांना 2024 सालचा शॉ पुरस्कार मिळाला. त्यांच्या बुद्धीला आम्ही वंदन करतो. पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्यांच्या घरी शिक्षण आधीपासून होते. आपल्या कित्येक मुलांच्या घरी पुस्तक घेऊन येणारी पहिली पिढी आज उभी आहे. जे त्यांना घराने दिले, ते आपल्या मुलांना समाजाने दिले पाहिजे. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, हे विसरू नका.

आता जोसेलिन बेल यांच्याकडे येऊ. 2018 साली त्यांना 30 लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. नोबेल हुकल्याची कटुता न बाळगता त्यांनी ती सारी रक्कम, पदार्थविज्ञानात ज्यांना फारशी जागा मिळालेली नाही अशा समाजघटकांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. यालाच आपण दान पारमिता म्हणतो.

म्हणून विद्यार्थ्यांनो, बारावीनंतर फक्त डॉक्टर-इंजिनिअर हेच दोन दरवाजे आहेत असे समजू नका. पदार्थविज्ञानात बी.एस्सी. करा, जॅम परीक्षा द्या, पुण्याच्या आयुकाची माहिती काढा. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे आणि परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पालकांनो, मुलाच्या कुंडलीवर खर्च होणारा पैसा त्याच्या गणिताच्या पुस्तकावर खर्च करा. औंढ्याची वेधशाळा उभी राहील तेव्हा तेथे केवळ पहारेकरी म्हणून नव्हे, तर संशोधक म्हणूनही आपली मुले-मुली असावीत. त्याची तयारी आजच, आपल्या विहारातील अभ्यासिकेतून सुरू व्हावी, हीच आमची मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!