नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल

कोडोली-वारणानगरच्या पट्ट्यात उसाबरोबर इंजिनही रुजलं. मोटेच्या जागी डिझेल इंजिन आलं. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचं, तसंच कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडलेलं. पुढे ट्रॅक्टर आले, १९८५ ला हिरो होंडा आली. यंत्रं बदलत गेली, एक समज मात्र टिकला: इंजिन नवं असो वा नुकतं रिबोअर केलेलं (म्हणजे झिजलेला सिलिंडर नव्याने कातलेलं), भारीतलं ऑईल ओता आणि लोड न देता जपून चालवा. रिबोअरच्या इंजिनाचं या सल्ल्याने नुकसानच होतं.

होनिंग, म्हणजे शेवटचं बारीक घासकाम केलेल्या लायनरवर, पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा दिसतात. त्यांचे उंचवटे पिस्टन-रिंगने घासून सपाट व्हायचे असतात आणि खाचांत ऑईल टिकायचं असतं. रिंगला लायनरवर दाबून धरतो तो जळत्या वायूचा दाब, आणि तो लोडखालीच पुरेसा मिळतो. इंजिन लोडशिवाय तासन्‌तास नुसतं फिरवलं, तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंग बसत नाहीत आणि इंजिन कायमचं ऑईल पिऊ लागतं. घर्षण कमी करणारी रसायनं घातलेलं महागडं ऑईल रिंग बसण्याचं काम आणखी लांबवतं. म्हणून अशा डिझेल इंजिनाला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, बहुधा १५डब्ल्यू-४०, साधं मिनरल ऑईलच चांगलं.

यावर कुणी विचारेल, मग काही कंपन्या नव्या गाड्यांत कारखान्यातच सिंथेटिक कसं भरतात? रास्त प्रश्न आहे. आजच्या प्लॅटो होनिंगमध्ये ते उंचवटे बरेचसे कारखान्यातच कापलेले असतात. रिंगला घासायला फारसं उरत नाही. जुन्या इंजिनांचं हे काम चालू तासांवर सोडलेलं असे, आणि गावाकडच्या रिबोअरचं अनेकदा आजही तसंच असतं. त्यामुळे बोअर कुणी आणि कसा केला, यावर ऑईल ठरतं, किमतीवर नाही. शोरूममधून आलेल्या गाडीला पुस्तकात लिहिलेलंच घाला. मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए ही खूण पाहा; बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि कारचं निसरडं ऑईल त्याला घसरवू शकतं.

रिबोअर केलेलं इंजिन पंपाला जोडा, सुरुवातीला डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळून लोड हळूहळू वाढवा, आणि पहिलं ऑईल नेहमीच्या मुदतीआधीच काढून टाका. घासलेल्या लोखंडाची सगळ्यात जास्त पूड त्यातच असते.