प्रवाही रंगचित्रण

कुंचल्याने रंग लावण्याऐवजी पातळ रंग अथवा रंगीत रेझीन पृष्ठावर ओतून, ठिबकवून वा पसरू देऊन केलेले चित्रण. अप्रतिरूप चित्रकलेत त्याचा विशेष अवलंब झाला. चित्रफलक बहुधा आडवा ठेवतात. माध्यमाची श्यानता, घनता, सुकण्याचा वेळ व फलकाचा उतार ह्यांनुसार आकार घडत जातात. म्हणून ते निव्वळ अपघाताचे फळ होय, हा समज बरोबर नाही.

मेक्सिकन चित्रकार दाव्हीद सिकेइरोस (१८९६–१९७४) ह्याने १९३६ साली न्यूयॉर्क येथील आपल्या कार्यशाळेत मोटारगाड्यांचे नायट्रोसेल्युलोज रंग एकावर एक ओतून पाहिले. जड रंग हलक्या रंगावर पडला, की तो खाली बुडतो व हलका रंग जागोजागी वर येऊन जाळीदार आकृती उमटते, हे मेक्सिकोतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्या कार्यशाळेत काम केलेल्या जॅक्सन पॉलकने (१९१२–५६) १९४७ पासून जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर इनॅमल रंग ठिबकविण्याचे तंत्र रूढ केले. हेलन फ्रँकेन्थेलरने १९५२ मध्ये टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर नसलेल्या कॅनव्हासमध्ये मुरू दिला. मात्र अशा कापडावर तेलाची वलये उमटतात आणि कालांतराने ते कमकुवत होते.

महाराष्ट्रात रंगद्रव्याच्या स्वभावाचा इतका सखोल विचार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) ह्यांच्याइतका क्वचितच कोणी केला असेल. नागपूर येथे जन्मलेले व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अप्रतिरूप’ऐवजी ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे पसंत करीत. ते रूळ व रंगसुरीने तैलरंगाचे पातळ थर देत, फाटक्या कागदांच्या साहाय्याने ओला रंग उचलून घेत व पुन्हा वर थर चढवीत. त्यांच्या चित्रांत रंग पाण्यात तरंगल्यासारखा भासतो. परंतु येथे प्रवाहाला मोकळे सोडलेले नाही, दीर्घ प्रतीक्षेने त्याला आवरलेले आहे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत.

अलीकडे प्रचारात असलेले एपॉक्सी रेझीन अशी प्रतीक्षा करू देत नाही. त्यात दृढकारक मिसळताच रासायनिक विक्रिया सुरू होऊन उष्णता निर्माण होते व ठराविक वेळात द्रव घट्ट होतो. थर जाड असल्यास तो तापून तडकण्याचा संभव असतो. काचेसारखी चकाकी हे त्याचे आकर्षण. पण जंबुपार किरणांनी ते पिवळे पडते. न घट्टलेल्या रेझीनच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची अधिहृषता जडू शकते. त्यामुळे हातमोजे व खेळती हवा आवश्यक असते.