सणासुदीची विक्री आणि ऑनलाइन दुकानाच्या किल्ल्या

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतचे दिवस हा व्यापारी कुटुंबांचा वर्षातील खरा हंगाम. कापड, भांडी, दागिने, सुकामेवा, भेटवस्तू अशा अनेक धंद्यांत वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा याच काळात पदरी पडतो. पूर्वी ही गर्दी दुकानाच्या पायरीवर दिसत असे. आता तिचा बराच भाग संकेतस्थळावर आणि व्हॉट्सॲपवर येतो. घरातील मुले-सुना रात्री उशिरापर्यंत ऑर्डरी नोंदवितात, हंगामापुरते ठेवलेले नोकर पार्सले बांधतात आणि मोबाइलवर बँकेचे संदेश एकामागून एक येत राहतात. चोरालाही हाच काळ सोयीचा असतो. कारण गर्दीत तपासणी मागे पडते.

जुन्या पेढ्यांवर गल्ल्याची किल्ली कोणाकडे आहे, हे शेटजींना सदैव ठाऊक असे. ऑनलाइन दुकानालाही किल्ल्या असतात. परंतु त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या कितीजणांच्या हाती गेल्या याचा हिशेब राहत नाही. ऑनलाइन दुकानाची सुरक्षितता बहुतांशी या हिशेबावरच अवलंबून असते.

मोठ्यांच्या दारातून घुसलेले चोर

अमेरिकेतील ‘टार्गेट’ ही अवाढव्य दुकानसाखळी. २०१३ साली तेथे नाताळच्या खरेदीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या अवघ्या १९ दिवसांत सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर थेट कंपनीच्या भिंती फोडून आत आले नव्हते. कंपनीसाठी शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड त्यांनी आधी मिळविला आणि त्या दाराने ते आत शिरले. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा कंपनीकडे होती, तिने सूचना दिलीही होती. पण वेळीच दखल घेतली गेली नाही. पुढे मे २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

२०१८ साली ‘ब्रिटिश एअरवेज’च्या संकेतस्थळाबाबत असेच घडले. तेथेही पुरवठादाराकडील लॉगिन वापरून चोर आत आले आणि पैसे भरण्याच्या पानात त्यांनी काही ओळींचा संगणकीय मजकूर गुपचूप घातला. ग्राहक कार्डाचा क्रमांक भरीत, तिकीटही मिळे आणि त्याच क्षणी तो क्रमांक चोरांकडेही जाई. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये या कंपनीस २ कोटी पौंडांचा दंड केला.

किल्ल्यांची यादी

लहान दुकानाच्या किल्ल्या मुख्यत्वे चार: संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड, त्यास जोडलेला ईमेल, बँक व पेमेंट गेटवेचे लॉगिन आणि ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक. एकच पासवर्ड सर्वांनी वापरणे म्हणजे एकाच किल्लीच्या दहा नकला वाटणे होय. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असावे व त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत. पासवर्डसोबत दुसरी ओळख मागणारी द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी. संकेतस्थळ बनवून गेलेला तंत्रज्ञ आणि गेल्या वर्षीचा हंगामी नोकर यांचे प्रवेश बंद झाले आहेत ना, हे पाहावे. ओटीपीचा मोबाइल काउंटरवर फिरता ठेवू नये. त्या सिमचे नेटवर्क अकारण गेल्यास मोबाइल कंपनीकडे व बँकेकडे त्वरित चौकशी करावी. दुसऱ्याने त्याच क्रमांकाचे नवे सिम काढल्याची ती खूण असू शकते.

कार्डाचे क्रमांक दुकानाने स्वतःकडे ठेवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ते साठविण्याची मुभाही नाही. पैसे भरण्याचे पान नामांकित गेटवेचेच असावे. संकेतस्थळाची सर्व दुरुस्ती व अद्ययावतीकरण हंगामापूर्वी उरकावे आणि माहितीची एक प्रत संकेतस्थळापासून वेगळी ठेवावी.

पैसे खात्यात दिसले, तरच जमा

हंगामातील बहुतेक फसवणुकींना मोठे तंत्रज्ञान लागत नाही. समोरच्याची घाई पुरते. ग्राहक पैसे पाठविल्याचा स्क्रीनशॉट दाखवितो. तो बनावट असू शकतो. “चुकून २,००० ऐवजी २०,००० गेले, वरचे परत करा,” असा फोन येतो आणि सोबत बँकेसारखा दिसणारा संदेशही येतो. प्रत्यक्षात खात्यात काहीच जमा नसते, दुकानदार मात्र १८,००० रुपये गमावून बसतो. येथे रोजमेळाची जुनी शिस्तच कामी येते: खात्यात रक्कम दिसल्याशिवाय ती जमा धरू नये, माल सोडू नये आणि परतावाही करू नये. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे येणार नसून जाणार आहेत, हे प्रत्येक नोकरास ठाऊक असावे.

घाऊक व्यापाऱ्यांनी आणखी एका पत्रापासून सावध राहावे. “आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा,” असा ईमेल नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने येतो. अशा वेळी पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

घात झालाच तर

पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेस कळवावे आणि सायबरक्राईम डॉट गॉव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोरलेली रक्कम मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात फिरते. ती पुढे सरकण्याआधी कळविले, तर गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर तोटा पडत नाही. मात्र ओटीपी वा पासवर्ड आपणच दिला असेल, तर बँकेस कळविण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा आपलाच. लाजेपोटी किंवा ‘आधी ही गर्दी ओसरू द्या’ म्हणून गप्प राहणे म्हणूनच सर्वांत महाग पडते.

गेलेले पैसे पुढच्या हंगामात मिळविता येतील. पण ग्राहकाने विश्वासाने दिलेले नाव, पत्ता व फोन क्रमांक ही दुकानाकडील ठेव आहे आणि ती उघड्यावर पडली, तर पिढ्यांनी जोडलेली पत जाते. पेढीवर वहीपूजनाची तयारी धनत्रयोदशीपूर्वीच सुरू होते. त्या तयारीतील एक संध्याकाळ घरातील सर्वांनी एकत्र बसून किल्ल्यांची ही यादी लिहून काढण्यास द्यावी, अनावश्यक नावे खोडावीत आणि १९३० हा क्रमांक गल्ल्याजवळ ठळक अक्षरांत लावावा. खर्च काहीच नाही. हंगाम मात्र निर्धास्तपणे पार पडेल.