प्रतिनायकाची स्वतंत्र कथा

अमेरिकन चित्रकथांतील खलपुरुषांना नायकावाचून स्वतंत्र चित्रपट मिळावेत की नाही, हा वाद गेल्या काही वर्षांत पुष्कळ रंगला आहे. एका पक्षाच्या मते दुष्टाला कथेचे केंद्र देणे म्हणजे त्याचा गौरव करणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की नायक हा साच्यातून काढलेला असतो आणि मानवी मनाची खरी गुंतागुंत खलपुरुषातच आढळते. तेव्हा कथा सांगावयाची तर ती त्याचीच. हे दोन्ही पक्ष एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात. ती अशी की खलपुरुष ही स्वयंपूर्ण व्यक्तिरेखा आहे, तिला एका कथेतून उचलून दुसरीत ठेवले तरी ती तीच राहते. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतकृत्यच तपासून पाहण्याजोगे वाटते.

आपल्या नाट्यशास्त्रकारांनी या पात्राला प्रतिनायक असे नाव दिले, त्यातच प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ‘दशरूपका’त धनंजयाने त्याचे लोभ, औद्धत्य, ताठा, पापाचरण, व्यसनाधीनता असे दोष सांगितले आणि त्यांच्या जोडीला तो शत्रू असतो असे म्हटले. आधीचे सारे दोष एकट्या माणसाच्या ठायी असू शकतात. शत्रुत्व मात्र एकट्याला करता येत नाही. त्याला दुसरे माणूस लागते. नायक बाजूला केल्यावर प्रतिनायकापाशी काय उरते, आणि जे उरते त्याला खलपुरुष म्हणता येईल काय, हा या वादातील खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

हे चित्रपट प्रथम कलावंताच्या मनात उगवले, असे समजण्याचे कारण नाही. स्पायडर-मॅन आणि त्याच्या परिवारातील पात्रे यांचे चित्रपटविषयक हक्क सोनी कंपनीकडे होते. २०१५ साली झालेल्या करारानंतर खुद्द नायक मार्व्हल स्टुडिओच्या चित्रपटमालिकेत वावरू लागला, आणि सोनीने उरलेल्या परिवारावर स्वतंत्र चित्रपट उभारण्याचा मार्ग धरला. ‘व्हेनम’ (२०१८), ‘मॉर्बियस’ (२०२२) आणि ‘क्रेव्हन द हंटर’ (२०२४) हे त्या मार्गावरचे चित्रपट. भाऊबंदकीच्या वाटणीत एकाकडे देव जावा आणि दुसऱ्याकडे देव्हारा राहावा, तसा हा प्रकार झाला. या चित्रपटांतील नायकाची अनुपस्थिती कलेच्या गरजेतून आलेली नाही, ती वाटणीपत्रातून आलेली आहे.

व्हेनमचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८८ सालच्या चित्रकथेत या पात्राची घडणच दोन नाकारलेल्या जीवांतून झाली. एडी ब्रॉक या वार्ताहराने ज्याला खुनी म्हणून जाहीर केले तो खुनी नव्हताच, हे स्पायडर-मॅनने खऱ्या गुन्हेगाराला पकडल्यामुळे उघड झाले आणि ब्रॉकची अब्रू गेली. परग्रहावरून आलेला जो जीव प्रथम स्पायडर-मॅनच्या अंगावर वस्त्र होऊन राहिला होता, त्यालाही स्पायडर-मॅनने दूर लोटले. हे दोघे एकत्र आले आणि त्यांच्या छातीवर त्याच नायकाच्या कोळ्याचे पांढरे चिन्ह उमटले. नायकाविषयीचा द्वेष हाच व्हेनमचा देह आहे, असे म्हटले तरी चालेल. २०१८ च्या चित्रपटात ते चिन्ह नाही, कारण ज्याचे चिन्ह घ्यावयाचे तोच तेथे नाही. मग एकाच शरीरात राहणाऱ्या दोन बिऱ्हाडकरूंच्या भांडणाचा एक गमतीदार प्रहसनवजा चित्रपट तयार झाला. टॉम हार्डी या नटाने त्यात मोठी मौज आणली, आणि जगभर त्याने ८५ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. परंतु अखेरीस हा व्हेनम पृथ्वी वाचविण्यासाठी लढतो. चित्रपट यशस्वी झाला. खलपुरुष मात्र वाटेत कोठेतरी गळून पडला. ‘मॉर्बियस’ आणि त्याआधीचा ‘कॅटवुमन’ (२००४) यांविषयी एवढेच सांगणे पुरे की त्यांत खलपुरुषही उरला नाही आणि मौजही उरली नाही.

या अडचणीची जाणीव चित्रकथांच्या प्रकाशकांना फार पूर्वीच झाली होती. १९५४ साली अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेत गुन्हेगाराला शासन झालेच पाहिजे असा दंडक होता. १९७१ मध्ये ती संहिता काहीशी सैल झाली, आणि १९७५ मध्ये डीसी प्रकाशनाने जोकरच्या नावाने स्वतंत्र नियतकालिक काढले. ते नऊ अंकांनंतर बंद पडले. त्या नऊ अंकांत बॅटमॅनला बाजूला ठेवले होते, म्हणून जवळजवळ प्रत्येक वेळी नवा प्रतिस्पर्धी शोधून आणावा लागला. कधी टू-फेस, कधी ग्रीन ॲरो, कधी लूथर, कधी कॅटवुमन. खलपुरुषाला केंद्रस्थानी बसविताच तो भोवती शत्रू मागू लागतो, हे त्या अल्पायुषी नियतकालिकाने दाखवून दिले.

जोकरच्या बाबतीत आणखी एक नवलाची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात हे पात्र अवतरले. त्याचे जनकत्व बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांच्यात वादाचे राहिले. तथापि त्याच्या चेहऱ्यावर पाउल लेनी दिग्दर्शित ‘द मॅन हू लाफ्स’ (१९२८) या मूकपटातील कॉनराड फाइट या नटाच्या रूपाची छाया आहे, हे सर्वमान्य आहे. तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ मधील कादंबरीवर आधारलेला. त्या कादंबरीचा नायक ग्विनप्लेन हा खलपुरुष नाहीच. लहानपणी राजाच्या इच्छेने त्याचा चेहरा कापून कायमचा हसरा केला गेला आहे. मनात दुःखाचा डोह असला तरी मुखावर हास्य. तो जत्रांतून खेळ करीत फिरतो, आणि पुढे आपण उमराव-कुलातील आहोत हे कळल्यावर सरदारांच्या सभेत उभा राहून दीनदुबळ्यांची कैफियत मांडू लागतो. सभा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसत सुटते.

१९४० च्या चित्रकारांनी यातून फक्त हास्य उचलले आणि दुःख तेथेच ठेवले. जोकरचे सारे भय या उचलण्यात आहे. ज्याच्या हसण्यामागे कारण नाही असा हा माणूस; त्याला पूर्वचरित्र दिले की तो लहान होतो. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’ (१९८८) या चित्रकथेत त्याला अयशस्वी विनोदी नटाचा भूतकाळ दिला आहे खरा, पण स्वतःच्या आठवणी आपल्याला कधी अशा तर कधी तशा दिसतात, असे त्याच्याच तोंडी घालून लेखकाने तो लगेच परतही घेतला आहे. ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये हीथ लेजरचा जोकर आपल्या गालांवरील व्रणांची हकीकत दोनदा सांगतो, आणि दोन्ही वेळा ती निराळी असते.

टॉड फिलिप्स दिग्दर्शित ‘जोकर’ (२०१९) या चित्रपटाने याच्या नेमके उलट केले. त्याने ह्यूगोचे दुःख परत आणले. यातील आर्थर फ्लेक याला आवर घालता न येणाऱ्या हास्याचा विकार आहे. तो विदूषकाचे काम करतो, मार खातो, त्याची औषधे सरकारी काटकसरीत बंद होतात. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात तो आपली कैफियत मांडतो, तो प्रसंग ग्विनप्लेनच्या सभेतील भाषणाचा जणू वंशज आहे. फरक एवढाच की आर्थरच्या खिशात पिस्तूल असते. वाकीन फीनिक्सचा अभिनय असामान्य आहे, हिल्डूर गुडनाडोटिर यांचे संगीतही तसेच. दोघांनाही ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला होता, आणि उत्पन्न १०० कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले. खलपुरुषाला स्वतंत्र चित्रपट शोभतो, याचा हा पुरावाच असे पुष्कळांना वाटले.

परंतु हा चित्रपट खलपुरुषाचा आहे, की चेहरा कापल्या गेलेल्या नायकाचा? आर्थर ज्यांना मारतो त्यांची यादी पाहावी. आगगाडीत त्याला छळणारे तिघे, बालपणी त्याचा छळ होऊ देणारी आई, दगा देणारा सहकारी, त्याची टवाळी करणारा कार्यक्रमाचा सूत्रधार. प्रत्येकाने त्याचे काही ना काही वाईट केलेले आहे. पटकथेने प्रत्येक बळीच्या हाती आधी अपराध देऊन मगच त्याला आर्थरसमोर उभे केले आहे. ज्याने त्याचे काहीच बिघडविले नाही अशा माणसावर घाव पडला असता, तर आपली सहानुभूती कसोटीला लागली असती. शेजारच्या सोफीचे पुढे काय झाले, हे तर कॅमेरा पाहतच नाही. दुष्कृत्याची कारणे सांगणे आणि दुष्कृत्य पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि येथे पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली आहे.

ही केवळ रसचर्चेतील बारकाई नव्हे. २०१२ च्या जुलैत कोलोरॅडो राज्यातील ऑरोरा येथे बॅटमॅनच्याच एका चित्रपटाच्या खेळात गोळीबार होऊन १२ माणसे मारली गेली होती. ‘जोकर’ प्रदर्शित होण्यापूर्वी त्यांच्यापैकी काहींच्या कुटुंबीयांनी वॉर्नर ब्रदर्सला पत्र लिहिले. त्यांनी बंदी मागितली नव्हती. आपली चिंता सांगून कंपनीने शस्त्रांच्या सुरक्षिततेच्या बाजूने आपले वजन खर्चावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या पात्राला नायक ठरविण्याचा हेतू नाही, असा खुलासा कंपनीने केला. हेतू नसेलही. पण ज्यांचे माणूस गेले त्यांना पडद्यावर स्वतःची जागा शोधूनही सापडणार नव्हती.

येथे कोणी म्हणेल की पराभूतांच्या आणि दुष्टांच्या बाजूने लिहिण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. आहेच, आणि ती थोर आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांच्या ‘मेघनादवध काव्या’ने (१८६१) रावणाच्या घराचा शोक बंगाली वाचकाच्या गळी उतरविला, भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त तर मांडी मोडलेला दुर्योधनच नाटकाचा मध्य आहे. त्यात गदायुद्ध प्रत्यक्ष दाखविलेले नाही, ते सैनिकांच्या तोंडून ऐकविले आहे. तथापि भीमाचा घाव सर्व वेळ डोळ्यांसमोर असतो. मुलगा मांडीवर बसू पाहतो आणि बापाला त्याला बसविता येत नाही, या एका प्रसंगात शत्रू, अपराध आणि शासन ही तिन्ही हजर आहेत. दुर्योधनाविषयी करुणा वाटावी म्हणून नाटककाराने त्याच्या अपराधाचा हिशेब फाडून टाकलेला नाही.

चित्रकथांच्या सृष्टीतही असे घडलेले आहे. जे. एम. डीमॅटाइस यांनी लिहिलेली आणि माइक झेक यांनी चितारलेली ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ (१९८७) ही सहा भागांची कथा पाहावी. क्रेव्हन हा शिकारी स्पायडर-मॅनला बेशुद्ध करून जमिनीत पुरतो, त्याचा वेष स्वतः चढवितो, आणि आपण त्याच्याहून श्रेष्ठ आहोत हे स्वतःपुरते सिद्ध झाल्यावर आत्महत्या करतो. कथेचा मोठा भाग नायक थडग्यात आहे, तरी तिचे प्रत्येक पान त्याच्या भाराने वाकले आहे. हा खलपुरुषाच्या मनाचा अस्सल शोध होय. २०२४ च्या चित्रपटाने हा आयता वारसा सोडून क्रेव्हनला दुर्जनांची शिकार करणारा सज्जन केले. मॅग्नेटोच्या वाट्याला अधिक बरे दैव आले. त्याच्यावरही स्वतंत्र चित्रपट योजिला होता, तो बारगळला आणि त्यातील आशय ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’ (२०११) मध्ये सामावला गेला. तेथे छळछावणीतून आलेल्या त्याच्या क्रोधाचे मोल आपल्याला कळते, कारण शेजारी चार्ल्स झेव्हियर हा मित्र उभा आहे आणि त्या क्रोधाची किंमत अखेर त्याच मित्राचा देह मोजतो.

तेव्हा स्वतंत्र चित्रपटाचा अधिकार खलपुरुषाला आहे, असे मी म्हणेन. मात्र नायकाला दारातून बाहेर घालविले तर घाव सोसणाऱ्याला तरी आत ठेवले पाहिजे. ‘जोकर’मध्ये असा एकच माणूस आहे. आर्थरचा बुटका सहकारी गॅरी. त्याच्या देखत खून होतो. त्याला पळावयाचे आहे, पण दाराच्या कडीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, आणि ती काढून देण्याची विनंती त्याला खुन्यालाच करावी लागते. चित्रपटगृहात या क्षणी हशा पिकतो. आर्थरला हसणाऱ्यांवर इतका वेळ रागावलेला प्रेक्षक स्वतः गॅरीला हसतो. चित्रपटाने येथे थांबावयास हवे होते, पण तो पुढे धावतो.

‘जोकर : फोली आ दो’ (२०२४) या दुसऱ्या भागाला प्रेक्षकांनी नाकारले, पहिल्या भागाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्साही धडपणे जमला नाही. गीतांनी लांबविलेला आणि ठिकठिकाणी रेंगाळणारा हा चित्रपट आहे, यात वाद नाही. पण त्यात गॅरी परत येतो, साक्षीदार म्हणून. विदूषकाचा रंग फासून आर्थर स्वतःच वकिली करीत त्याची उलटतपासणी घेतो, खोट्या स्वरात कोट्या करतो. गॅरी सांगतो की कामावर आपली थट्टा न करणारा एकटा आर्थरच होता, आणि त्या दिवसापासून आपण भीतीने खचून गेलो आहोत. आर्थरचा स्वर तेथे प्रथमच अडखळतो. पुढे तो न्यायालयात जोकर असा कोणी नाहीच हे कबूल करतो, तेव्हा त्याच्यावर नव्हे तर त्या मुखवट्यावर प्रेम करणारी ली उठून चालती होते. प्रेक्षकही साधारण त्याच सुमारास उठले असावेत. माझ्यापुरते म्हणावयाचे तर या चित्रपटातील गाणी निम्मी करून त्यांची मिनिटे गॅरीच्या साक्षीला द्यावयास हवी होती.