एका ओळीत तीन आवाज

पानावर सुरांची एकच ओळ. गायला लागलं की मात्र एकाच वेळी तीन आवाज कानावर येतात. हे कसं काय?

हे पान आहे स्पेनमधल्या मोन्सेरात मठातल्या एका पोथीचं. बार्सेलोनाजवळच्या दातेरी कड्यांच्या डोंगरावर हा मठ आहे आणि तिथल्या सावळ्या मेरीच्या दर्शनाला शतकानुशतकं यात्रेकरू येताहेत. पोथी 1399 च्या सुमाराची. त्या ओळीपाशी लिहिलंय : दोघांनी किंवा तिघांनी गायची 'कासा'. कासा म्हणजे शिकार! पहिला गायक निघतो, थोड्या अंतराने दुसरा त्याच सुरांवरून त्याचा पाठलाग करतो, मग तिसरा.

जिना चढणारे तिघे डोळ्यांपुढे आणा. पायऱ्या त्याच, पण एक जण वर पोचलाय, दुसरा मध्यावर आहे, तिसऱ्याने आत्ता कुठे पाय टाकलाय. आता प्रत्येक पायरी म्हणजे एक सूर समजा. कुठल्याही क्षणी तिघांच्या पायाखालचे तीन सूर एकमेकांशी जुळले पाहिजेत! म्हणजे चाल बांधणाऱ्याने ओळ पुढे नेताना तिची स्वतःशीच गाठ घालून दिली. कोण होता तो? पोथीत नाव नाही.

आणि ही विद्या कुणासाठी? दमून आलेल्या यात्रेकरूंसाठी! रात्री चर्चमध्ये जागर करताना त्यांना गावंसं, नाचावंसं वाटे. मठाने त्यांना गप्प बसवलं नाही. तिथे शोभतील अशी गाणी लिहून दिली आणि हे कारण पोथीतच नोंदवलं. प्रार्थनेत बुडालेल्यांना त्रास होऊ देऊ नका, एवढी समज मात्र दिली. काही गाण्यांपाशी तर फेर धरून नाचण्याची खूण आहे. मला या पोथीतलं सगळ्यात लोभस हेच वाटतं.

1811 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने मठाचं ग्रंथालय जाळलं. मग पोथी वाचली कशी? 1806 पासून ती बार्सेलोनाच्या एका उमरावाकडे उसनी गेलेली होती! मठात परतली 1885 मध्ये. पुढे तिला लाल मखमलीचं वेष्टन मिळालं, म्हणून नाव पडलं 'ल्यिब्रे वेर्मेल', लाल पुस्तक. मूळच्या 172 पानांपैकी 137 उरली आहेत आणि त्यांत गाणी फक्त दहा.

कोणती वाद्यं घ्यायची, लय किती ठेवायची, हे त्या पानांवर नाही. गाणारी प्रत्येक पिढी ते स्वतः ठरवते. बार्सेलोनात 1931 मध्ये जन्मलेल्या झाविएर बेंगेरेल या संगीतकाराने याच पोथीवरून कांताता, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. तिचं नावही 'ल्यिब्रे वेर्मेल'च.

त्या एका ओळीच्या गाण्याचं नाव 'ओ व्हिर्गो स्प्लेंदेन्स'. आज रात्री दिवे मालवून ऐका आणि दुसरा आवाज नेमका कुठे शिरतो, ते पकडून बघा.