काथ्याला चिकटलेली वाळू

१९०९ मध्ये त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास मोनाझाइट हे खनिज आढळले. त्यातील निओडिमियमपासून विद्युत मोटारींचे बलवान चुंबक घडतात. थोरियममुळे मात्र ते किरणोत्सारी असून शासनाच्या नियंत्रणात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्या वाहनउद्योगास या वाळूचे मोल नव्याने कळले. तथापि केरळातील चवऱ्यानजीकच्या आलप्पाड गावचे रहिवासी सांगतात, वाळू उपसल्याने समुद्र त्यांची भूमी गिळत आहे. पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय, स्फोटकर्म, श्रावकास वर्ज्य सांगितला आहे. वाळूच्या जमाखर्चात गेलेल्या भूमीची नोंद नसेल, तर तो नफा खरा कसा मानावा?