एका अल्पायुषी स्पर्धेची कथा

तलमडुगुच्या कापसाच्या मुलखात गोल्फचे मैदान पाहिलेले वाचक विरळाच असतील. म्हणून प्रथम या खेळाची ओळख करून देतो. विस्तीर्ण हिरवळीवर अंतराअंतराने १८ खळगे असतात. प्रत्येकाची रुंदी अवघी सव्वाचार इंच. लहानसा कठीण चेंडू काठीने टोलवीत क्रमाने त्या खळग्यांत घालावयाचा. आपल्या विटीदांडूत लांब टोला मारणाऱ्याचे कौतुक होते. येथे सर्वांत कमी टोल्यांत काम उरकणारा विजयी ठरतो. मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत अशा चार फेऱ्या, दररोज एक याप्रमाणे, होतात.

'इंडियन मास्टर्स' ही अशीच एक स्पर्धा. ७ ते १० फेब्रुवारी २००८ या चार दिवसांत ती दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर झाली. युरोपीय दौऱ्यातील भारतात भरलेली ही पहिलीच स्पर्धा. बक्षिसांची एकूण रक्कम २५ लक्ष डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १० कोटी रुपये होती. दक्षिण आफ्रिकेच्या अर्नी एल्ससारखे विख्यात खेळाडू तीत उतरले होते.

विजयी झाला तो मात्र कोलकात्याचा शिवशंकर प्रसाद चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची हिरवळ राखीत असत. शिक्षकावाचून, पाहून पाहूनच तो खेळ शिकला. चार फेऱ्यांचे नियत टोले २८८. त्याने २७९ टोल्यांतच त्या पुऱ्या केल्या व आयर्लंडच्या डेमियन मॅकग्रेनला दोन टोल्यांनी मागे टाकले.

२००९ सालीही ही स्पर्धा भरावयाची होती. परंतु जगभर आर्थिक मंदी आली, खर्च उचलणाऱ्या बांधकाम कंपनीने अंग काढून घेतले आणि स्पर्धा पहिल्याच वर्षी संपली. याउलट, १९६४ साली सुरू झालेली 'इंडियन ओपन' पुरस्कर्ते बदलले तरी टिकून राहिली. कारण तिच्यामागे इंडियन गोल्फ युनियन ही संस्था उभी होती. केवळ एका धनिकाच्या थैलीवर उभारलेले कार्य थैलीचे तोंड आवळताच थांबते, हा धडा आमच्या गावोगावच्या मंडळांनीही घेण्याजोगा आहे.

पण चौरसियाचा खेळ थांबला नाही. २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तीच 'इंडियन ओपन' जिंकली. स्पर्धेचे आयुष्य चार दिवसांचे ठरले. परंतु हिरवळ राखणाऱ्याच्या मुलाला हिरवळीवर मानाने उभे राहण्याची संधी तिने दिली. विद्यार्थिमित्रांनो, एवढ्यासाठी तरी तिचे नाव स्मरणात असू द्यावे, असे आम्हांस वाटते.